पोळ्याच्या दिवशीचे पाहुणे

सन एकोणीसशे चोपन्न. माझं वय तेव्हा अठ्ठावीस. शाळेच्या दाखल्याप्रमाणं सत्तावीस, पण दाखला मास्तरनं लिहिला आणि जन्म मायनं दिला, म्हणून मी मायचा हिशेब धरतो. शाळा दुसरीपर्यंत झाली. पुढचं वाचन बायबलावर झालं, तेही ओळीखाली बोट ठेवून. हे आधीच सांगून टाकतो. लिहिण्यात कुठं चाक घसरलं तर वाचणारानं हसू नये, आणि हसला तरी माझं काही अडत नाही.

आमचं गाव जऊळक्याच्या ठेसनापासून अडीच कोस. तेव्हा वाशीम जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्यात मोडत होतो. गावाच्या उगवतीला, निंबाच्या झाडांत, मिशनचा कौलारू बंगला होता. त्यात पूर्वी एक गोरी बाई राहायची. मोठ्या दुष्काळात माझ्या मायचे मायबाप मेले, तेव्हा त्या बाईनं तिला रस्त्यावरून उचललं, वाढवलं, शिवण शिकवलं आणि लग्न लावून दिलं. आमचं घर ख्रिस्ती झालं ते असं. कोणी धान्य दिलं, कोणी पैसे दिले, असं गावात बोलतात. बोलोत. माझ्या मायला कोणीतरी जेवू घातलं एवढं खरं आहे, आणि ज्याला जेवायला मिळत होतं त्यानं त्यावर बोलू नये.

ती बाई म्हातारी होऊन इथंच वारली. बंगल्यामागं तिची कबर आहे. जाताना तिनं बंगल्याची किल्ली मायच्या हातात दिली आणि सांगितलं की माझ्यामागं कोणी येईल, त्याच्या हातात दे. बरीच वर्षं कोणी आलं नाही. माय दर शनिवारी बंगला झाडायची, खिडक्या उघडून वारं खेळवायची आणि पुन्हा बंद करायची. किल्ली तिच्या कमरेला दोऱ्यात बांधलेली असायची. पुढं तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, माणसं सावलीसारखी दिसू लागली, तरी झाडणं सुटलं नाही. हातानं चाचपून झाडायची.

त्या साली पावसाळ्यात पाळकसाहेब आमच्याकडे प्रार्थनेला आले. ते दुसऱ्या गावी राहायचे, महिन्यातून एकदा सायकलवर यायचे. प्रार्थना झाल्यावर त्यांनी सांगितलं की बंगल्यात नवे साहेब आणि मडमबाई येणार. वर्षभर डोंगरावरच्या शाळेत मराठी शिकले, आता इथंच राहणार. अमुक तारखेला लहान रुळाच्या गाडीनं जऊळक्याला उतरतील. आमच्या चार ख्रिस्ती घरांत रेंगी एकट्या माझ्याकडे होती. रेंगी म्हणजे माणसं न्यायची हलकी गाडी, वर तट्ट्याची कमान. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवायच्या आत माय बोलली, "माहा पोरगा आणीन त्याहिले. माही जबान हाये."

तारीख ऐकली सगळ्यांनी. ती तिथीला कधी पडते हे कोणी मोजलं नाही. आमच्या चर्चमध्ये जे कॅलेंडर टांगलं होतं त्यात वार आणि आकडे होते, अमावास्या नव्हती.

मोजलं ते चाचानं. चाचा म्हणजे आमच्या घराला भिंत लागून असलेला मुसलमान शेतकरी, माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. त्याला मी दुसऱ्या दिवशी बांधावर सहज सांगितलं. तो विळा खाली ठेवून बोटांची पेरं मोजत बसला. मग म्हणाला, "लेका, ते तं पिठोरी आमुश्या हाये. पोळा हाये त्या दिवशी."

इथं थोडं समजावून लिहावं लागेल, कारण आता ट्रॅक्टर आले आणि पोरांना हे ठाऊक नाही. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. कोणीच नाही. गावचा पाटील असो की शेवटच्या घरचा, त्या दिवशी बैल राबत नाही. त्याला धुतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात, पुरणपोळी खाऊ घालतात, आणि दुपार कलली की मारुतीपुढं तोरणाखाली साऱ्या जोड्या ओळीनं उभ्या करतात. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग जो तो आपली जोडी घेऊन घरी जातो आणि घरची बाई बैलाचे पाय धुते.

आणि माझी जोडी पूर्ण माझी नव्हती. माझा एक बैल होता, चाचाचा एक. दोघांची मिळून जोडी. याला आमच्याकडे सावड म्हणतात. आज माझं वावर, उद्या त्याचं. गावातल्या बाकीच्यांनी आमच्या दोघांशी सावड केली नसती, म्हणून आमची एकमेकांशी जमली. गावात म्हणत, एक बैल मशिदीचा अन् एक गिरजाचा, मंग पेरलं तं उगवते कसं? उगवत होतं चांगलं. माझा बैल उजव्या अंगाला चालायचा, त्याचा डाव्या. पोळ्याच्या ओळीत आमची जोडी सगळ्यांत शेवटी उभी राहायची, पण राहायची. ती जागा आमची होती.

मी पाळकसाहेबांच्या गावी चालत गेलो आणि तारीख बदला म्हणालो. ते म्हणाले, पाहुणे निघालेसुद्धा असतील, आता निरोप कुठं गाठणार. आणि तू ख्रिस्ती माणूस, तुला कसला पोळा?

मी म्हणालो, "साहेब, माणसं ख्रिस्ती झाली. बैल नाही झाले."

त्यांना राग आला. तू हट्टी आहेस, बापासारखा, असं म्हणाले. ते खरं होतं. पण मग त्यांनी सायकलवरून हात काढला आणि हळू आवाजात विचारलं, "मग पाहुण्यांचं काय करायचं? तूच सांग."  त्या दिवशी अख्ख्या पंचक्रोशीत कोणाची गाडी निघणार नव्हती. मोटार आमच्या गाडरस्त्यावर पावसाळ्यात येत नव्हती. ठेसनावर एकच खोली होती, तीही मास्तरची.

घरी येऊन मायला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, बोटांनीच. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ज्या घरानं मले उचललं त्या घरचं माणूस ठेसनावर बसून राह्यलं अन् आपुन पुरणपोळी खाऊन राह्यलो, हे मले चालत नाही. अन् पोळ्याच्या दिवशी बैल जोतला तं तेबी चालत नाही. आता तू पाय."

एवढं बोलून तिनं सूप उचललं. तिचा न्याय असाच असायचा.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जुवानं घट्टे पडलेले असतात, त्यांना लोणी आणि हळद चोळतात, गरम पाण्यानं शेकतात. मी आणि चाचानं माझ्या गोठ्यात दोन्ही बैलांचे खांदे मळले. मग बैलाच्या कानाशी वाकून म्हणतात ते म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. चाचाही म्हणायचा. त्याचा बापही म्हणायचा.

हात पुसता पुसता चाचा म्हणाला, "तुह्या मायनं जबान देल्ली, मले मालूम हाये. पण एक सांगतो. जो बैल सालभर माह्यासाठी मान वाकवते, त्याले म्या एक दिवस नाही देल्ला तं खुदा मले इचारीन. उद्या माह्या बैलाच्या मानेवर जू दिसलं तं सावड मोडली. माहा बैल माह्या दावणीले."

"बैलाच्या मानेवर नाही दिसनार," मी म्हणालो.

"मंग कोनाच्या दिसन?"

"ते माह्यावर."

तो खाकरून निघून गेला. सावड मोडली असती तर मी संपलो असतो. एका बैलानं ना उभ्या पिकातली डवरणी होते ना रब्बीची पेरणी. वावर पडीक टाकून मला कारंज्याला हमाली करायला जावं लागलं असतं, आणि माय त्या बंगल्याला सोडून कुठं आली नसती.

पोळ्याच्या सकाळी ऊन तापायच्या आत मी रेंगी काढली. मायनं पाण्याचा तांब्या दिला, वर फडकं बांधून, आणि पितळी डब्यात चार पुरणपोळ्या. मी जू उचललं आणि माझ्या बैलाची जी बाजू, उजवी, ती माझ्या खांद्यावर घेतली. एका अंगानं ओढली की रेंगी दुसऱ्या अंगाला वळते. म्हणून डाव्या टोकाला दोर बांधून तो हातात धरला होता. तरी ती दारुड्यासारखी चालत होती.

गाव उठलेलं होतं. लोक बैल धुवायला नाल्यावर चालले होते. मला पाहून ओट्यावरचे हसले. एकानं विचारलं, चारा खाल्ला का रे सकाळी? दुसरा म्हणाला, जोडीचा कुठं गेला, मेला का? पाटलाच्या सालदारानं माझ्या पाठीवर थाप मारून दात पाहू दे म्हटलं. मी कोणाला उत्तर दिलं नाही. उत्तर देणारा बैल कोणी पाहिला आहे?

नाल्यावर काळी माती लोण्यासारखी झाली होती. उतरताना रेंगी आपोआप उतरली, चढताना रुतली. मी जोर लावला. सरकली नाही. पुन्हा लावला. वरच्या अंगाला चाचा गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन्ही बैल घासत होता, त्याचा आणि माझा. त्यानं मला पाहिलं होतं. मीही त्याला पाहिलं होतं. त्यानं हाक मारली नाही आणि मीही मारली नाही. मी चाकाखालचा चिखल हातानं काढला, दगड लावला, पुन्हा खांदा दिला. असं किती वेळ चाललं सांगता येत नाही. घाम डोळ्यांत जात होता आणि मला वाटत होतं की इथंच संध्याकाळ झाली तरी मी त्याला बोलावणार नाही.

मग पाण्यातून माणूस चालत आल्याचा आवाज आला. चाचानं दोन्ही बैल बाभळीला बांधले होते. तो रेंगीच्या पुढं आला, लुंगीचा काचा मारला आणि डाव्या टोकाचा दोर सोडून फेकून दिला.

"डाव्या अंगाचा बैल माहा हाये," तो म्हणाला. "तिथं तुह्या दोराचं काय काम?"

आणि तो जुवाखाली आला.

चढण चढून वर आल्यावर त्यानं एवढंच सांगितलं की बैल घरी न्यायला बायकोला निरोप धाडला आहे, आणि पोळा फुटायच्या आधी आपण परत आलो पाहिजे. आपली जागा रिकामी राहिली तर पुढच्या साली तिथं कोणी उभं राहू देणार नाही.  दोघांची चाल जमायला थोडा वेळ लागला. तो लांब पाय टाकायचा, मी आखूड. त्याचा बैलही लांब टाकतो.

ठेसनावर गाडी येऊन गेली होती. फलाटावर पेट्या, वळकट्या, एक लोखंडी खाट, आणि त्यांच्यामध्ये साहेब उभा. उंच, माझ्याच वयाचा, डोक्यावर टोपी, मान उन्हानं लाल झालेली. मडमबाई पेटीवर बसल्या होत्या. तोंडाला रुमाल, रंग मेणासारखा. गाडीत त्यांना सारख्या उलट्या झाल्या, अंगात ताप होता, असं पाळकसाहेबांनी सांगितलं. ते सायकलवर आधीच आले होते, हातात झेंडूचा हार घेऊन. रेंगीपुढं आम्हा दोघांना पाहून त्यांनी हार पाठीमागं लपवला. नव्या लोकांपुढं आपलं हसं झालं असं त्यांना वाटलं असावं. मला त्यांचा राग आला नाही.

साहेबानं रेंगीभोवती एक फेरी मारली. मग पुस्तकातल्या मराठीत विचारलं, "आपले पशू कोठे आहेत?"

मी सांगितलं, "सायेब, आज पशूचा सण आहे. ते घरी आहेत."

त्याला ते समजायला वेळ लागला. पाळकसाहेबांनी इंग्रजीत काही सांगितलं. साहेबाचा चेहरा कडक झाला. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि एकेक शब्द शोधून बोलला, "मनुष्याच्या खांद्यावर बसून मी ख्रिस्ताचा निरोप घेऊन जाणार नाही."

बोलणं चांगलं होतं. मलाही पटलं. पण मडमबाई पेटीवर वाकून कोरड्या ओकाऱ्या काढत होत्या, आणि सूर्य डोक्यावर आला होता.

"तं मंग उद्या येतो," मी म्हणालो. "बैल घिऊन. आज इथंच राहा."

 चाचानं डबा उघडून एक पुरणपोळी काढली, खाली बसून निवांत खाऊ लागला. पाळकसाहेब एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होते. मी तांब्याचं फडकं सोडून तो मडमबाईंपुढं धरला. त्यांनी पाणी घेतलं, थोडं प्यायल्या, थोडं तोंडावर मारलं. मग नवऱ्याला त्यांच्या भाषेत दोन-तीन शब्द म्हणाल्या. काय म्हणाल्या देव जाणे. उठल्या, रेंगीजवळ आल्या, चाकाच्या तुंब्यावर पाय ठेवून स्वतः चढल्या आणि कमानीखाली आडव्या झाल्या.

 साहेबानं डोक्यावरची टोपी काढून बायकोच्या पायाशी ठेवली, कोट काढला, बाह्या वर केल्या आणि पुढं येऊन जू धरलं. आमच्या दोघांच्या मध्ये शिरायला पाहत होता.

चाचानं त्याला हातानं बाजूला केलं. "सायेब, इथं शिकवेल बैल लागते. तुमी मांगं व्हा."

साहेबाला ते समजलं, कारण तो हसला. त्या दिवसातलं त्याचं ते पहिलं हसू. तो रेंगीमागं गेला आणि ढकलू लागला. पाळकसाहेबांनी हार सायकलच्या दांडीला अडकवला, सायकल ठेसनमास्तरच्या हवाली केली आणि काळा कोट घालूनच तेही साहेबाच्या बाजूला लागले. एक वळकटी आणि औषधांची पेटी घेतली, बाकीचं सामान ठेसनावर राहिलं.

परतीचा रस्ता मी विसरणार नाही. ऊन असं की मातीतून वाफ निघत होती. चिखल चाकाला चिकटून चाक दुप्पट जाड व्हायचं. ते काठीनं खरवडायचं, पुन्हा ओढायचं. जू माझ्या खांद्यात रुतत होतं. नुसतं रुतत नव्हतं, एका जागी टोचत होतं, खिळा असल्यासारखं. खांदा सरकवला तरी ते ठिकाण शोधून काढायचं. मी दात दाबून चालत होतो. चाचाला काही टोचत असेल तर त्यानं सांगितलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

मागून साहेबाचा श्वास ऐकू यायचा. मध्येच तो काही विचारायचा आणि पाळकसाहेब धापा टाकत उत्तर द्यायचे. एकदा मला ऐकू आलं, साहेब पुस्तकी मराठीत विचारत होता, हा सण आपले ख्रिस्ती लोक पाळतात काय? पाळकसाहेबांनी आणखी जोर लावून रेंगी ढकलली. मग म्हणाले, "हे दोघे पाळतात." त्यांनी त्यावर टीका केली नाही, आणि बाजूही घेतली नाही. चिखलात ढकलणाऱ्या माणसाला तेवढंच जमतं.

नाला आला तेव्हा वाजंत्री ऐकू आली. गावात डफडं वाजत होतं, म्हणजे जोड्या तोरणाखाली गोळा होत होत्या. चाचा एकदम थांबला.

"झालं," तो म्हणाला. "बैल घरी बांधेल असन. बायको साऱ्या गावापुढं कशी नेईन त्याहिले? ते पडद्यातली बाई."

मला त्याच्याकडे पाहवलं नाही. सावड माझ्या मायच्या जबानीपायी मोडत होती. तो बोलला असता की जा, तुझे पाहुणे तू ने, तर मी काही म्हणू शकलो नसतो.  त्यानं खांदा पुन्हा जुवाखाली घातला आणि आम्ही चौघांनी मिळून रेंगी नाल्यातून वर काढली. सकाळी जिथं रुतली होती तिथंच पुन्हा रुतली, पण आता माणसं चार होती.

बंगल्याकडे जायचा रस्ता मारुतीपुढच्या मैदानावरून जातो. आम्ही वळणावर आलो तेव्हा सारा गाव तिथं. तोरण बांधलेलं. जोड्या ओळीनं उभ्या, पाटलाची पुढं, शिंगांना बेगड, अंगावर झुली. मी ओळीच्या शेवटाकडे पाहिलं. आमची जागा रिकामी असेल असंच धरून पाहिलं.

तिथं दोन बैल उभे होते. डाव्या अंगाचा डाव्या बाजूला, उजव्या अंगाचा उजव्या बाजूला. शिंगं गेरूनं रंगवलेली, थोडी वेडीवाकडी, डोळ्यांना न दिसता रंगवल्यासारखी. आणि दोघांच्या मध्ये, दोन्ही हातांत एकेक कासरा धरून, माझी माय.

साऱ्या ओळीत ती एकटीच बाई होती. पुढं कळलं की चाचाच्या बायकोनं बैल आमच्या गोठ्यात आणून मायच्या हवाली केले होते, आणि माय त्यांना धरून चाचपत चाचपत मैदानावर आली होती. कोणीतरी तिला म्हणालं होतं की म्हातारे, तुम्हाले कायचा पोळा? ती म्हणाली होती, मले नाही, या बैलाहिले हाये. आणि उभी राहिली.

आम्हाला पाहून ओळीतला कोणी म्हणाला, "खरी जोडी तं मांगून येऊन राह्यली." लोक हसले, पण सकाळचं हसू वेगळं होतं.

आम्ही रेंगी तिच्याजवळ नेऊन टेकवली. मी म्हणालो, "माय, आणलं."

मडमबाई खाली उतरल्या. उभं राहवत नव्हतं, साहेबानं दंडाला धरलं. मायनं दोन्ही कासरे एका हातात घेतले, दुसऱ्या हातानं कमरेचा दोरा चाचपला, सोडला, आणि किल्ली पुढं धरली. ज्या बाजूला सावली दिसत होती त्या बाजूला. मडमबाईंनी किल्ली घेतली तेव्हा त्यांची बोटं मायच्या बोटांना लागली. मायनं किल्ली सोडली पण तो हात सोडला नाही. तो धरून कपाळापर्यंत नेला आणि स्वतःच्या तळव्यानं त्यांचं कपाळ पाहिलं.

"पोरी, तुले तं ताप हाये," ती म्हणाली. "चाल, खाट टाकेल हाये."

मडमबाईंना शब्द समजले की नाही ठाऊक नाही. त्या मायच्या खांद्यावर डोकं टेकून रडल्या. मायही रडली असेल, तिच्या डोळ्यांतून तसंही पाणी यायचं. तेवढ्यात पुढं तोरण तुटलं, डफड्याचा आवाज वाढला, पोळा फुटला. मायनं कासरे न पाहताच मागं केले. मी उजवा घेतला, चाचानं डावा. मांडीपर्यंत चिखलानं भरलेले आम्ही दोघं आमची जोडी घेऊन घरी गेलो. साहेब आणि पाळकसाहेबांनी उरलेला रस्ता रेंगी ओढत बंगल्यावर नेली. माय मडमबाईंना धरून पुढं चालत होती. कोण कोणाला धरून होतं ते सांगता यायचं नाही.

त्या संध्याकाळी मायनं बंगल्यावर पेज करून दिली आणि घरी येऊन माझा खांदा पाहिला. पाहिला म्हणजे हातानं. आदल्या दिवशीची हळद आणि लोणी वाटीत उरलं होतं, ते चोळलं. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. तिथं खोल खड्डा पडला होता, आठाण्याएवढा, आणि कातडी गेली होती. तिनं विचारलं की हे काय टोचलं. मी म्हणालो, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. काही घरी त्या दिवशीही बैल जोतत नाहीत, आमच्यात तसं नव्हतं, आणि ठेसनावर सामान पडून होतं. सकाळी मी ती वाटी घेऊन चाचाकडे गेलो. तो दारात खाटेवर एका कुशीवर बसला होता. मी वाटी पुढं केली.

"मी का बैल हावो?" तो म्हणाला.

"काल होते."

त्यानं जरा विचार केला. "काल होतो," म्हणाला आणि सदरा काढला. मी त्याचा डावा खांदा मळला. सुजला होता, लाल झाला होता, पण कातडी कुठं गेलेली नव्हती. मळून झाल्यावर त्यानं सदरा घातला, आत जाऊन बैल सोडला आणि कासरा माझ्या हातात दिला. सावडीबद्दल तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.

घरी आणून दोन्ही बैल रेंगीपुढं उभे केले. जू उचललं आणि मानेवर ठेवायच्या आधी उलटं करून उजव्या बाजूखालून हात फिरवला. बाभळीचं जू, गावच्या सुतारानं केलेलं, वापरून गुळगुळीत झालेलं, सगळीकडे गुळगुळीत. एका ठिकाणी लाकडाची गाठ होती, बोराच्या आठळीएवढी. वरून दिसत नव्हती. सात साल माझा बैल त्या गाठीखाली चालत होता. त्याच्या मानेवर हात लावून पाहिला, तर घट्टा बरोबर तिथंच होता.

मी घरातून लाकूड तासायचा वाकस आणला, जू मांडीवर घेतलं आणि ती गाठ तासून काढली. मग बैल जोतले आणि ठेसनाकडे निघालो.